दोघं हजर

कादंबरीनं मला या फंदात पाडलं. मंडळाचा दिवाळी अंक काढते ती. म्हणे, "काका, तुम्ही ब्रिटन-आयर्लंडची बसटूर केलीत ना, त्यावर लिहा. मस्त प्रवासवर्णन होईल." मी म्हटलं, बाई, मी चौथी शिकलेला माणूस, जन्मभर कऱ्हाडात पिठाची गिरणी चालवली, माझ्याकडून कसलं वर्णन लिहून घेतेस? ऐकेना. दर रविवारी फोन. शेवटी म्हणाली, "आठवत नसेल तर राहू द्या, काका." आठवत नसेल! मला विसरायचं आहे आणि ही म्हणते आठवत नसेल. तर घे आता. छापायचं तर सगळं छाप, नाहीतर फाडून टाक. वाचून कुणाची झोप गेली तर माझ्याकडे येऊ नका.

गोष्ट माझी नाही. मनोहरराव वऱ्हाडपांड्यांची आहे. त्यांनी मला जशी सांगितली तशी सांगतो.

मनोहरराव नागपूरचे, वीज मंडळात हेडक्लार्क होते. मुलगा शार्दूल इथं अमेरिकेत, मॉरिसव्हिलला नोकरीला, म्हणून बायकोला घेऊन सहा महिन्यांसाठी आले. आमच्या मागच्याच ओळीत त्यांचं घर. माणूस सरळ, जरा भित्रा, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. बायको मालिनीबाई. बाई म्हणजे आकाशवाणीच. डोळे उघडले की प्रसारण सुरू. भाजी चिरताना भाजीशी बोलायच्या, तळ्यावरच्या बदकांशी बोलायच्या, दुकानातल्या अमेरिकन पोरीशी मराठीत बोलायच्या आणि ती पोरगी हसून मान डोलवायची. एवढ्या बोलणाऱ्या बाईच्या तोंडून नवऱ्याचं नाव मात्र कधी निघालं नाही. चाळीस वर्षं नुसतं "अहो". हळदीकुंकवात बायका उखाण्याचा आग्रह करायला लागल्या की पदर तोंडाला लावून मागं सरायच्या. मनोहररावांना याची मनातून फार गंमत वाटायची. "हिला माझं नाव ठाऊक तरी आहे का, देव जाणे," म्हणायचे.

मुलगा-सून सकाळी गाड्या घेऊन गेले की दिवसभर चार भिंती. आईबाबा कंटाळतात म्हणून शार्दूलनं त्यांची टूर बुक केली. अमेरिकेतल्याच वेस्ट विंडसर गावचा एक त्र्यंबक ओगले होता, तो दरवर्षी इथल्या मराठी पोरांच्या आईबापांना गोळा करून न्यायचा. लंडनपासून एडिंबरापर्यंत बसनं, मग बोटीनं आयर्लंड, आणि रोज रात्री वरणभात. दोन हजार दोनचा सप्टेंबर होता. माझ्याही पोरानं मला त्यात कोंबलं. मी नको म्हणत होतो.

ओगल्याची एक पद्धत होती. गाडी कुठूनही हलायची झाली की माइक घेऊन हजेरी घ्यायची. जोडपं असेल तर नवऱ्याचंच नाव पुकारायचा, बाईचं नाही. डोकी मोजायला मागं जायचा कंटाळा. "मनोहर वऱ्हाडपांडे!" म्हटलं की मनोहरराव ऑफिसातल्यासारखे अर्धे उठून म्हणायचे, "दोघं हजर!" पहिल्या दिवशी अख्खी गाडी हसली. दुसऱ्या दिवसापासून तो त्यांचा खेळच झाला. मालिनीबाई शेजारी असोत नाहीतर मागं बायकांच्या घोळक्यात लाडू वाटत असोत, उत्तर तेच. वळून बघायचे नाहीत. बायको आहे, जाणार कुठं?

टूरचं म्हणाल तर दगड. बाथला दगड आणि गंधकाचं कोमट पाणी, यॉर्कला दगडांची तटबंदी, एडिंबऱ्याला दगडांचा किल्ला आणि गुडघ्याचा जीव घेणाऱ्या पायऱ्या. मी तसं बोललो तर ओगल्या माइकवर म्हणायचा, "काकांची आजची तक्रार झाली, आता पुढे निघू." लोक हसायचे. मालिनीबाई हसायच्या नाहीत. त्या प्रत्येक पडक्या भिंतीला हात लावून विचारायच्या, "अहो, इथं कोण राहत असेल हो? त्यांची चूल कुठं असेल?" मनोहरराव म्हणायचे, "मला काय माहीत? चला, हजेरी होईल."

आयर्लंडात डब्लिन सोडून गाडी पश्चिमेला निघाली. चिंचोळा रस्ता, दोन्हीकडं रचलेल्या दगडांचे बांध, मेंढरं, आणि सगळ्यावर करडं आभाळ टेकलेलं. दुपारी एका पडक्या मठाशी थांबलो. नाव मी सांगणार नाही, कुणी उगाच बघायला जाल. छप्पर नाही, नुसत्या भिंती, आत वाकड्या थडग्यांवर शेवाळ. भिंतीच्या मागं एक झरा आणि झऱ्यावर बुटकं काटेरी झाड. त्याच्या फांद्यांना चिंध्या बांधलेल्या. शेकडो. जुन्या, विटलेल्या, काही नव्या. मालिनीबाईंना ते झाड फार आवडलं. "अहो, बघा ना, आपल्याकडं नवसाला बांधतात तसंच," म्हणाल्या. मनोहरराव म्हणाले, "मी चहा घेऊन येतो," आणि गाडीकडं आले.

ओगल्या गाडीच्या दारात थर्मासमधला चहा वाटत होता. "पाच मिनिटं हं, पाचच मिनिटं," त्याचं चाललं होतं. मी एक घोट घेतला आणि म्हटलं, "असला चहा आमच्याकडं म्हशीसुद्धा तोंडात धरत नाहीत." कुणीतरी बाई नवऱ्याला म्हणत होती, "ऐका ना, माझा एक फोटो काढा की." आयरिश ड्रायव्हर म्हातारा होता. चढणाऱ्या प्रत्येक बाईला हात देऊन म्हणायचा, "माइंड युवर स्टेप, लव्ह." मग शिंतोडे आले आणि सगळे भराभर आत शिरले. हजेरी झाली.

"मनोहर वऱ्हाडपांडे!"

"दोघं हजर!"

मी पलीकडच्या सीटवर होतो. त्यांच्या शेजारची जागा रिकामी. मागं वळून पाहिलं, बायकांतही बाई दिसेनात. मी म्हटलं, "ओगले, थांबा. वहिनी गाडीत नाहीत." गाडी हलली होती. ओगल्या माइकवर म्हणाला, "काका, आता तक्रार नको, पुढं बोटफेरी आहे, तिला उशीर झालाय." मी पुन्हा म्हटलं, "अरे, बाई राहिली!" तर तो म्हणाला, "नवरा हजर म्हणतोय आणि तुम्हाला काय झालंय?" गाडी खदखदून हसली. मनोहररावांनासुद्धा हसू आलं. बसली असेल मागं, त्यांना वाटलं.

जेवायला थांबल्यावर बायका विचारायला आल्या, "मालिनीताई कुठं आहेत?" तेव्हा मनोहररावांच्या हातातली थाळी खाली पडली.

गाडी उलटी निघाली. वाटेत पाऊस असा की पुढचं दिसेना. मठाशी पोचलो तर बाई रस्त्याकडच्या बुटक्या भिंतीवर बसलेली. ताठ. हात मांडीवर. मनोहरराव छत्री न घेताच धावले. जवळ गेले आणि थबकले, मला खिडकीतून दिसलं. एवढ्या धो-धो पावसात तिच्या पातळाचा काठसुद्धा भिजला नव्हता.

"मालिनी, चुकलं माझं, चल," ते म्हणाले.

तिनं मान वर केली आणि म्हणाली, "मनोहर वऱ्हाडपांडे."

नाव घेतलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही आडनावासकट, पुकारा केल्यासारखं. मनोहररावांना वाटलं, रागावली आहे. रागावणारच. त्यांनी तिचा हात धरला आणि गाडीत आणली. ओगल्यानं टाळ्या वाजवायला लावल्या.

इथपर्यंत सगळ्यांनी पाहिलंय. याच्या पुढचं बरंचसं मनोहररावांनी एकट्यानं पाहिलं.

मॉरिसव्हिलला परत आल्यावर घर शांत झालं. ती बोलायची, पण अगदी थोडं. सून अबोली विचारायची, "आई, पोळी वाढू?" ती म्हणायची, "पाच मिनिटं हं." कुणी जिना उतरायला लागलं की, "माइंड युवर स्टेप, लव्ह." अबोलीला केवढं कौतुक! "बाबा, आई इंग्लिश बोलायला लागल्या, सो क्यूट!" शार्दूल कॅमेरा घेऊन बाहेर निघाला की ती म्हणायची, "ऐका ना, माझा एक फोटो काढा की." सगळं कसं जागच्या जागी बसायचं. ऐकणाऱ्याला वाटावं, बाई जरा थकली आहे, एवढंच.

मनोहररावांना तसं वाटेना. रात्री खोलीत ओल्या दगडाचा वास यायचा, शेवाळाचा. ती पलंगाच्या कडेला बसलेली असायची, पाय जमिनीला न टेकवता, बांधावर बसावं तशी. एकदा अबोली वॉशिंग मशीनमधून कपडे काढत होती. बाकीचे सगळे पिळे ओले, आणि तिचं पातळ तेवढं कोरडं खडखडीत. अबोली म्हणाली, "फॅब्रिक कुठलंय हे, आई?" मनोहरराव तिथून उठून गेले.

रोज सकाळी आम्ही दोघं तळ्याला फेऱ्या मारायचो. एके दिवशी ते म्हणाले, "विष्णूभाऊ, एक विचारू? हसणार नाही ना?"

"मला हसायला येत नाही हे सगळ्या गाडीला माहीत आहे," मी म्हटलं.

"ती… मालिनी नाही."

मी म्हटलं, घाबरलेलं माणूस असतं गप्प, होईल ठीक. त्याच संध्याकाळी त्यांच्याकडं गेलो. अबोलीनं चहा दिला. चांगला होता, आलं घातलेला. मनोहररावांची 'ती' समोर बसली होती. माझ्या हातातल्या कपाकडं बघून म्हणाली, "असला चहा आमच्याकडं म्हशीसुद्धा तोंडात धरत नाहीत."

अबोली शरमली, "आई, अहो काय!" म्हणाली आणि हसून सावरून घेतलं. मी मात्र कप खाली ठेवला. शब्द माझे होते. नुसते शब्द नव्हे, ओढून बोलायची तऱ्हा माझी, मध्ये नाकातून सुस्कारा टाकतो तोही माझा. मी ते वाक्य एकदाच बोललो होतो, त्या गाडीच्या दाराशी, आणि तेव्हा मालिनीबाई भिंतीमागं झाडापाशी होत्या.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर आम्ही दोघांनी मिळून जुळवलं. ती जे जे बोलते ते सगळं त्या दुपारी त्या जागेवर बोललं गेलेलं आहे. त्याखेरीज एक शब्द तिच्याकडं नाही. मनोहररावांनी तिला माहेरचं विचारलं, शार्दूलच्या बारशाचं विचारलं. उत्तर एकच, "दोघं हजर."

"मग माझी मालिनी कुठाय?" मनोहरराव म्हणाले. "विष्णूभाऊ, ती तिथंच आहे हो. मी हजेरी दिली तिची, आणि तिला टाकून आलो."

त्या दिवसापासून त्या माणसाला एकच ध्यास लागला, परत जायचं आणि तिला घेऊन यायचं. शार्दूलला सांगितलं. शार्दूल चांगला मुलगा, पण करणार काय? "बाबा, तिकडचा व्हिसा सिंगल एंट्री होता, तो संपला. आणि कुणाला आणायला जाताय? आई इथं बसलीय ना समोर!" मग त्यांना डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाला, अशा धक्क्यानंतर माणसाला जवळचं माणूस परकं वाटू शकतं. गोळ्या दिल्या. मनोहरराव त्या गोळ्या तळ्यातल्या बदकांपुढं टाकायचे. बदकं खायची नाहीत.

ओगल्याला फोन लावला. मी शेजारीच होतो. मनोहरराव म्हणाले, "त्र्यंबकराव, तिथं कुणाला तरी चौकशी करायला सांगा. माझी बायको तिथं आहे." पलीकडून ओगल्या म्हणाला, "अहो साहेब, बाई परत आणून दिली की नाही? मग? त्या म्हाताऱ्या काकांनी काहीतरी भरवलं असेल तुमच्या डोक्यात." आणि फोन ठेवला.

डिसेंबरात बर्फाचा पाऊस झाला. पाणीच पडायचं, पण झाडाला टेकलं की काच व्हायचं. एका रात्रीत सगळी पाइनची झाडं काचेची झाली, आणि वजनानं फांद्या मोडायला लागल्या. बंदुकीचा बार काढावा तसा आवाज. एक आमच्या मागं, एक लांब, एक अगदी खिडकीशी. वीज गेली. घरं गार पडली. शार्दूल आणि अबोली शेजारच्या कॅरी गावी एका मित्राकडं गेले, तिथं वीज होती, सगळ्यांची सोय लावून दुपारी न्यायला येतो म्हणाले. घरात मनोहरराव आणि ती.

भरदुपारी अंधारून आलं. मनोहररावांनी कपाटातल्या देवघरातली समई आणून टेबलावर लावली. ती सोफ्याच्या हातावर बसली होती, पाय लोंबकळत. श्वासाची वाफ मनोहररावांच्या तोंडातून निघत होती, तिच्या नाही.

बाहेर एक फांदी पडली. आणि ती बोलायला लागली. कुणी काही विचारलं नव्हतं.

"पाच मिनिटं हं, पाचच मिनिटं." मग चहाचं. मग फोटोचं. मग ड्रायव्हरचं. जसं त्या दुपारी झालं तसं, त्याच क्रमानं, एकेका माणसाच्या आवाजात. "मनोहर वऱ्हाडपांडे!" आणि लगेच मनोहररावांच्याच आवाजात, "दोघं हजर!"

मनोहररावांनी कानावर हात ठेवले. आजवर तिचे शब्द इथंच संपायचे. आज थांबली नाही.

"अहो… गाडी हलली की काय?"

हा आवाज मालिनीबाईंचा होता. मनोहररावांनी हात खाली घेतले.

"अहो! थांबवा ना! अहो!" मग धापा, चपलांचा चिखलातला आवाज, तोही तिच्या तोंडून. समईची वात हलत होती. "येतील. मी नाही हे कळेलच ना त्यांना. वळून बघतीलच की." मग, "पाऊस आला. झाडाखाली बसते…" मग एकदम दबकून, "कोण? …कोण आहे?"

मनोहरराव गुडघ्यांवर तिच्यासमोर बसले. "मालिनी," ते म्हणाले, "मालिनी, बोल."

"आली! आली गाडी! अहो, मी इकडं, झाडापाशी! …अहो, इकडं बघा ना. ती कोण बसलीय भिंतीवर? अहो, तिचा हात कशाला धरलात? ती मी नाही! अहो, मी इकडं आहे… मी इकडं…"

त्यानंतरचं ओरडणं मनोहररावांनी मला सांगितलं नाही. सांगता आलं नाही. भिंतीवरचा वायरचा जुना फोन तेवढा चालू होता, त्यावरून त्यांनी मला हे सगळं सांगितलं, रडत, अडखळत. "मी तिच्या देखत दुसरीला घेऊन आलो हो, विष्णूभाऊ. ती बघत होती."

मी म्हटलं, "तिथंच बसा, मी येतो. हलू नका."

"थांबा, थांबा," ते कुजबुजले, "ती अजून बोलतेय… ऐका." त्यांनी फोन पुढं धरला असावा. आधी नुसती खरखर. मग लांबून, पण स्पष्ट, मालिनीबाई: "इथं आता बर्फ पडायला लागलंय हो. डोंगर पांढरा झालाय."

सप्टेंबरात तिथं कसलं बर्फ? ती आत्ताचं बोलत होती.

"मालिनी, कुठं आहेस? मी येऊ?" मनोहररावांचा आवाज आला.

"या ना," ती म्हणाली. "तुम्ही येणार म्हणून तर बसलेय."

फोन लोंबकळत राहिला असावा. पुढं फक्त दार उघडल्याचा आवाज ऐकू आला.

मागच्या ओळीतलं घर, पण जायला मला अर्धा तास लागला. रस्ता काचेचा. दोनदा पडलो, कोपर सोलून निघालं. पोचलो तर दार सताड उघडं, समई जळतेय आणि ती सोफ्याच्या हातावर बसलेली. पायऱ्यांवरून खाली पावलं उमटली होती, एकाच माणसाची. पुढं गुळगुळीत बर्फ, तिथं काहीच उमटत नव्हतं. मी हाका मारल्या. पाइन मोडत होते, दुसरं काही नाही.

संध्याकाळी शार्दूलला सापडले. सोसायटीच्या तोंडाशी पोरांची शाळेची बस थांबते, तिथल्या बाकावर. अंगावर नुसता स्वेटर. बाकाच्या एका कडेला अंग चोरून बसलेले, शेजारी एका माणसाची जागा सोडून. पापण्यांवर बर्फ होतं. डॉक्टर म्हणाला, थंडीनं त्रास न होता जातं माणूस. डॉक्टरला काय माहीत?

मी समाचाराला गेलो तेव्हा वीज आली होती. हीटर चालू, तरी ती बसली होती तेवढ्या कोपऱ्यात गारवा. अबोलीचे डोळे सुजलेले. म्हणाली, "काका, आई काहीच बोलत नाहीत, रडतही नाहीत. तुम्ही बोला ना थोडं, तुम्ही टूरवर होतात." आणि पाणी आणायला आत गेली.

मी समोर बसलो. म्हटलं, "कोण आहेस तू?"

तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ओठ हलले आणि मनोहररावांचा आवाज आला, धाप लागलेला, पण आनंदानं भरलेला: "मालिनी! अगं, सापडलीस!"

आणि मग मालिनीबाईंचा. मी तो आवाज आयुष्यात विसरणार नाही. त्यात आनंद नव्हता.

"अहो, तुम्ही कशाला आलात?" त्या म्हणाल्या. "तुम्ही तिकडं होतात तर आशा होती. आता आपल्याला न्यायला कोण येणार?"

तिच्या तोंडून वारा वाहिल्यासारखा आवाज आला, खूप चिंध्या एकदम फडफडाव्यात तसा. मी उठलो. दारापर्यंत गेलो असेन, तेवढ्यात मागून आणखी एक आवाज आला. म्हाताऱ्या माणसाचा, जरा ओढून बोलणारा, नाकातून सुस्कारा टाकणारा.

"सरका की जरा. मला कुठं बसायचं?"

ते शब्द मी त्या जागेवर बोललेलो नाही. कुठंच बोललेलो नाही. अजून तरी.

शार्दूलनं पुढं तिला नागपूरला नेऊन आपल्या बहिणीकडं ठेवलं. अजून आहे म्हणतात, तब्येत ठणठणीत आहे. मी चौकशी करत नाही. माझ्या घरी सांगून ठेवलंय, मला कुठल्याही टूरला पाठवायचं नाही, बसमध्ये बसवायचं नाही, आणि बर्फ पडलं की बाहेरून कुलूप लावून जायचं. पोरगं म्हणतं, बाबा, फायर सेफ्टीला ते चालत नाही. असो. जे व्हायचं ते होईल.

पण ते होण्याआधी एका माणसानं फोन उचलावा आणि एवढंच म्हणावं, की काका, तुम्ही दोनदा ओरडून सांगितलंत, गाडीत बाई नाही, आणि मी माइकवरून तुमचं हसं केलं, माझं चुकलं. एका वाक्याचं काम आहे. वर्षं गेली, त्याचा फोन नाही. उलट दर उन्हाळ्यात त्याची जाहिरात येते माझ्या पत्त्यावर, तोच मार्ग, तोच मठ. माझी माफी मागायची राहिली आहे ती त्यानं. त्र्यंबक ओगल्यानं.